हवापाणी आणि वातावरण : माहुलच्या संदर्भात हवामानविषयक लोकसहभागाची चिकित्सा

शासनाने नागरिकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, या तत्त्वाला आज उघड विरोध करणारा कोणी आढळत नाही. आंतरराष्ट्रीय हवामान-करारांत ते नमूद आहे, केंद्र शासनाच्या अधिसूचनांत आहे, मुंबई महानगरपालिकेच्या आराखड्यातही आहे. वाद तत्त्वाविषयी नाही, त्याच्या रूपाविषयी आहे. नागरिक बोलतो तेव्हा शासन त्याच्या बोलण्यास सूचना म्हणते, हरकत म्हणते, निवेदन म्हणते, की पुरावा म्हणते, यावर त्या बोलण्याचे पुढे काय व्हावयाचे हे बहुतांशी ठरून जाते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न माहुल या एका ठिकाणाच्या आधारे तपासावयाचा आहे. त्यासाठी तीन प्रकारचे लेखन समोर ठेवले आहे : १९९२ च्या हवामानविषयक चौकट-करारातील व २०१५ च्या पॅरिस करारातील लोकसहभागाची कलमे, मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईचा वातावरण कृती आराखडा, आणि माहुलच्या हवेसंबंधी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने व मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले निर्णय. ही लेखने सहसा एकत्र वाचली जात नाहीत. पहिले मुत्सद्द्यांचे, दुसरे नियोजनकारांचे, तिसरे न्यायाधीशांचे. माहुलच्या रहिवाशास मात्र ती तिन्ही एकाच वेळी लागू होतात.

माहुल हे चेंबूरच्या दक्षिणेस, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पश्चिम अंगास खाडीलगत वसलेले कोळी-आगरी वस्तीचे गाव. १९५४ मध्ये स्टॅन्व्हॅक कंपनीचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने या परिसरात सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर औद्योगिक नियोजनाच्या त्या पहिल्या उत्साहाच्या काळात गावाच्या हवेचा विचार कोणास सुचला असेल, असे वाटत नाही. आणि न सुचल्याबद्दल त्या पिढीस फार दोष देण्यातही अर्थ नाही. पुढे १९७४ व १९७६ मध्ये हे कारखाने शासनाच्या मालकीचे झाले व त्यांची हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही नावे रूढ झाली. खताचा कारखाना, औष्णिक वीजकेंद्र, तेल व रसायने साठविण्याच्या टाक्या यांची भर पडत गेली. मालकीचा हा पालट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शासन येथे करारावर सही करणारे आहे, कारखान्यांचे मालक आहे, प्रदूषण-नियंत्रण मंडळाच्या रूपाने परीक्षक आहे, आणि पालिकेच्या रूपाने तेथील हजारो सदनिकांचे घरमालकही आहे. माहुलच्या माणसाने शासनाकडे दाद मागावयाची, म्हणजे यांपैकी नेमके कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. एखाद्या ठिकाणच्या नैसर्गिक स्थितीविषयी बोलताना मराठीत ‘हवापाणी’ हा शब्द पूर्वापार येतो. अमुक गावचे हवापाणी मानवले, तमुक गावचे बाधले. आजारी माणसास हवापालटासाठी अन्यत्र न्यावयाचे. फारसीतून आलेला ‘आबोहवा’ आणि हिंदीतील ‘जलवायु’ हे शब्द घडणीने त्याचेच सगोत्र होत. या शब्दात हवेचे माप माणसाच्या शरीरावर घेतले जाते. ‘हवामान’ म्हटले की त्यात ‘मान’ आले, म्हणजे माप आले. आणि माप आले की उपकरण व वेधशाळा याही आल्या. आज पाऊस पडेल की नाही हेही हवामान आणि कित्येक दशकांची सरासरी हेही हवामान, ही या शब्दाची जुनी अडचण. केंद्रीय मंत्रालयाने २०१४ मध्ये आपल्या नावात ‘जलवायु परिवर्तन’ घेतले. महाराष्ट्र शासनाच्या विभागाने ‘वातावरणीय बदल’ ही संज्ञा पसंत केली आणि पालिकेच्या आराखड्यानेही ‘वातावरण’ हाच शब्द पत्करला. शास्त्रदृष्ट्या तो सर्वथा अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही. परंतु वातावरण म्हणजे साऱ्या पृथ्वीभोवतीचे आवरण. त्यास गाव नाही, गल्ली नाही, ते कोणास मानवत नाही आणि बाधतही नाही. व्यवहारात तर हा शब्द सभेचे, घरातले, निवडणुकीचे वातावरण अशा अर्थानेच अधिक चालतो, त्यामुळे विभागाचे नाव प्रथम ऐकणाऱ्याच्या मनात भलताच बोध झाल्यास नवल नाही. माहुलचे रहिवासी ज्याविषयी बोलत आले ते हवापाणी आहे. शासन ज्याविषयी सूचना मागविते ते वातावरण आहे. एका नावाखाली भेटावयाच्या या दोन गोष्टींची भेट होत नाही, असे पुढील तपशिलावरून दिसेल.

आता करारांकडे वळू. १९९२ च्या चौकट-कराराचे सहावे कलम शिक्षण, प्रशिक्षण व लोकजागृती यांविषयीचे आहे. लोकसहभागाचा उल्लेख त्यात आहे, पण तो शिक्षण व जागृती यांच्या पोटात, एका उपकलमात, आणि राष्ट्रीय कायदे व प्रत्येकाची कुवत यांच्या मर्यादेत. पॅरिस कराराच्या बाराव्या कलमाने माहिती मिळण्याचा उल्लेख ठळक केला, तथापि मांडणी तीच ठेवली. किंबहुना ‘योग्य तेथे’ या अर्थाचा शब्दप्रयोग घालून ती अधिकच सैल केली. या कलमांतील नागरिक हा मुख्यतः विद्यार्थी आहे. त्यास शिकवावयाचे आहे, जागे करावयाचे आहे, आणि मग त्याने सहभागी व्हावयाचे आहे. त्याला काही ठाऊक असू शकते आणि ते शासनास ठाऊक नसू शकते, ही शक्यता कलमाच्या रचनेतच नाही.

याच वर्षी, जून १९९२ मध्ये, रिओ येथील परिषदेने एक जाहीरनामा मान्य केला. त्याच्या दहाव्या तत्त्वात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत : माहिती मिळण्याचा अधिकार, निर्णयात सहभागाची संधी, आणि न्यायालयीन व प्रशासकीय मार्गाने दाद व भरपाई मिळण्याची सोय. चौकट-करार सह्यांसाठी याच परिषदेत खुला झाला होता. दोन्ही लेखांवर त्याच राष्ट्रांचा हात आहे. एकात दाद आहे, दुसऱ्यात नाही. याचे एक कारण उघड आहे : जाहीरनामा बंधनकारक नव्हता, करार बंधनकारक होता; आणि राष्ट्रे जेथे बांधली जात नाहीत तेथे उदार होतात. परंतु या विषयाची भारतातील पुढील हकीकत या कारणाहून अधिक उद्बोधक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१० चा कायदा आपल्या प्रस्तावनेत रिओ परिषदेचा आणि दाद व भरपाईच्या तत्त्वाचा स्पष्ट निर्देश करतो. म्हणजे एकाच उगमापासून निघालेले दोन प्रवाह आपल्याकडे दोन वेगळ्या खोऱ्यांतून वाहिले. शिक्षणाचा प्रवाह हवामान-धोरणात गेला, दाद मागण्याचा प्रवाह न्यायाधिकरणात गेला. माहुलला जे काही मिळाले ते दुसऱ्या प्रवाहातून मिळाले.

नागरिकांचे म्हणणे शासनाने कधीच मनावर घेतले नाही, असा याचा अर्थ नाही. उलट एक ठळक उदाहरण आहे, आणि ते हवामान-धोरणाच्या अगदी गाभ्यातील आहे. १९९१ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातर्फे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. वॉशिंग्टनच्या जागतिक संसाधन संस्थेने उष्णता वाढविणाऱ्या वायूंची राष्ट्रवार गणना करून भारतासारख्या देशांवर मोठी जबाबदारी टाकली होती, तिचा या पुस्तिकेने समाचार घेतला. भातखाचरातून व गुरांपासून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर यांना एका तागडीत घालता येणार नाही. जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे आणि चैनीचे वेगळे. हवेच्या सामावून घेण्याच्या शक्तीत प्रत्येक माणसाचा हिस्सा समान धरला पाहिजे, हा तिचा युक्तिवाद. दरडोई समतेचा हा मुद्दा भारताच्या अधिकृत भूमिकेत त्यानंतर सातत्याने आढळतो. एका स्वयंसेवी संस्थेचे म्हणणे राष्ट्राचे म्हणणे झाले, ही सामान्य गोष्ट नव्हे. जाता जाता नमूद करावयास हरकत नाही की, ज्या संस्थेच्या गणनेवर ही टीका झाली तिचीच भारतीय शाखा तीस वर्षांनी मुंबईच्या आराखड्यास तांत्रिक साहाय्य देत होती. यात विसंगती आहेच असे नाही, संस्थाही शिकतात. परंतु १९९१ चा प्रश्न, म्हणजे कोणाचा धूर कोणाच्या खात्यावर मांडावयाचा हा प्रश्न, आराखड्यात कितपत उतरला हे पाहणे त्यामुळे अधिक अगत्याचे होते.

त्या पुस्तिकेचे यश कशामुळे? युक्तिवाद भक्कम होता हे खरेच. पण तो बाहेर तोंड करून उभा होता, हेही खरे. नागरिकांचा आवाज श्रीमंत राष्ट्रांपुढे शासनाचे बळ वाढवीत असेल तर त्याचे स्वागत होते. तोच आवाज तेच माप घेऊन आत वळला, म्हणजे देशातील चैनीचा धूर कोणाचा आणि तो कोणाच्या छातीत जातो असे विचारू लागला, की त्याचे रूप बदलते. तो तक्रार होतो, प्रसंगी उपद्रवही ठरतो. हे विधान कठोर वाटेल, म्हणून २०२० सालचा अनुभव पाहावा. त्या वर्षी केंद्रीय मंत्रालयाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा नवा मसुदा काढला. टाळेबंदीचे दिवस होते, आणि मसुदा इंग्रजी व हिंदी एवढ्या दोनच भाषांत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत भाषांतर करण्यास सांगितले. भाषांतर करण्याऐवजी केंद्र शासन या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या लोकांकडून हरकती मागवावयाच्या त्यांस मसुदा समजू नये, असा हेतू होता असे कोणी म्हणणार नाही. पण भाषांतर हा लोकसहभागाचा भाग आहे, उपकार नव्हे, ही जाणीव नव्हती एवढे म्हणणे भाग आहे. याच सुमारास, हवामान-प्रश्नावर काम करणाऱ्या तरुणांच्या एका गटाने मंत्र्यांस विरोधाची पत्रे पाठविण्याची मोहीम चालविली, तेव्हा दिल्ली पोलिसांनी त्यांचे संकेतस्थळ बंद करण्याची नोटीस काढली. तीत दहशतवाद-प्रतिबंधक कायद्याच्या कलमाचा उल्लेख होता. तो नजरचुकीने झाल्याचे सांगून नोटीस पुढे मागे घेण्यात आली. नजरचूक मान्य करूनही एक गोष्ट उरते : मंत्र्यास आलेल्या पत्रांच्या संख्येस शासनाच्या एका अंगाने गुन्ह्याच्या भाषेत वाचले, त्यांच्या मजकुरास कोणीच वाचले नाही.

महाराष्ट्रातील वाचकास येथे पश्चिम घाटाच्या अहवालाची आठवण होईल. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. ग्रामसभांपर्यंत जाऊन विचार व्हावा ही त्याची धारणा. तो जनतेसमोर आला मे २०१२ मध्ये, आणि तोही माहिती अधिकाराखालील निर्णय व दिल्ली उच्च न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळणे, एवढे झाल्यावर.

माहुलची हकीकत आता थोड्या विस्ताराने पाहू. गावातील काही रहिवाशांनी २०१४ मध्ये हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे अर्ज केला. गावालगतच्या रसायन-साठवणुकीच्या टाक्यांतून व परिसरातील कारखान्यांतून निघणाऱ्या उडनशील द्रव्यांनी जगणे कठीण झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकरणात परळच्या के. ई. एम. रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेली पाहणी पुढे आली. पाहणीतील ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते, ८६.६ टक्क्यांनी डोळ्यांची जळजळ, ८४.५ टक्क्यांनी छातीत कोंडल्यासारखे होत असल्याचे सांगितले होते. १८ डिसेंबर २०१५ च्या निवाड्यात न्यायाधिकरणाने माहुल व अंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्यास हवेपासून जाणवण्याजोगा धोका आहे, असा निष्कर्ष काढला. या निवाड्याचे कायदेशीर मूल्य कायदेपंडित सांगतील. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात जे घडले ते असे : लोकांनी सांगितलेली धाप, जळजळ व कोंडमारा यांची गणना झाली, गणनेचा पुरावा झाला आणि पुराव्याचा निष्कर्ष झाला. हवापाण्याच्या भाषेतील म्हणणे प्रथमच शासनास बांधील अशा भाषेत लिहिले गेले.

आणि तरीही, दोन वर्षे उलटण्यापूर्वी, याच माहुलमध्ये नवी माणसे आणून बसविण्यास प्रारंभ झाला. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस पुरविले जाते. त्या जलवाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. तदनुसार २०१७ पासून घाटकोपर, विद्याविहार आदी भागांतील झोपड्या पाडण्यात आल्या व तेथील कुटुंबांना माहुलच्या एव्हरस्माइल वसाहतीत पाठविण्यात आले. ७२ इमारती व सतरा हजारांहून अधिक सदनिका असलेली ही वसाहत प्रकल्पग्रस्तांसाठीच बांधलेली, आणि शुद्धीकरण कारखान्याच्या कुंपणाला लागून. पालिकेच्या दृष्टीने हिशोब सरळ होता : इकडे माणसे, तिकडे रिकामी घरे. न्यायाधिकरणाचा निवाडा त्या हिशोबात कोठे बसत नव्हता, कारण तो पर्यावरणाचा कागद होता आणि हा पुनर्वसनाचा. ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन कित्येक कामगार जखमी झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून माहुलला पाठविलेली कुटुंबे विद्याविहार येथे रस्त्यावर येऊन बसली. त्यांच्या चळवळीचे नाव ‘जीवन बचाव आंदोलन’. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांस दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्यास सांगितले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये, माहुलला जाण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही असे स्पष्ट करून, तेथे नव्याने पुनर्वसन करण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूल्यमापनाच्या आधारे चार कंपन्यांवर एकूण २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरविली. चारांपैकी दोन कंपन्या शासनाच्या मालकीच्या आहेत, हे येथे पुन्हा ध्यानात आणून द्यावेसे वाटते.

या पार्श्वभूमीवर मुंबईचा वातावरण कृती आराखडा वाचावयास हवा. त्याच्या तयारीची घोषणा ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. त्याच्या आधल्याच महिन्यात, १८ जुलैच्या पहाटे, माहुलनजीक वाशी नाका भागातील भारतनगर येथे अतिवृष्टीत भिंत कोसळून घरे गाडली गेली व अनेकांचा अंत झाला होता. सप्टेंबरमध्ये नागरिकांकडून सूचना मागविण्यात आल्या, आणि १३ मार्च २०२२ रोजी आराखडा प्रसिद्ध झाला. त्याचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष धरले असता मुंबईने २०५० धरले. २०३० पर्यंत ३० टक्के व २०४० पर्यंत ४४ टक्के घट, असे मधले टप्पेही घातले. शहराचे २०१९ चे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन मोजले, आणि त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा असल्याचे दाखविले. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हरितीकरण, पूर व जलव्यवस्थापन यांच्या जोडीस वायुगुणवत्ता हे स्वतंत्र प्रकरण ठेवले. उष्णता, पूर, दरड, किनारा व प्रदूषण या जोखमींचा विचार केला. भारतीय शहरांत एवढ्या विस्ताराने असे काम थोड्यांनीच केले आहे. पुढे २०२४ मध्ये पालिकेने आपल्या अंदाजपत्रकाचा हवामानदृष्ट्या हिशोब मांडण्यासही आरंभ केला. हे सर्व स्तुत्य आहे.

दोष आहे तो आराखड्याच्या मापात. शहरांच्या उत्सर्जनाची गणना ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने करतात ती सात वायूंची : कर्बद्विप्राणिद, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि फ्लोरिनयुक्त वायूंचे चार प्रकार. टोल्युइन, बेन्झीन, झायलीन ही ज्या कुळातील द्रव्ये, ती या यादीत नाहीत. माहुलच्या नाकास जे कळते ते टनांच्या हिशोबात शून्य धरले जाते. त्याच पद्धतीच्या प्राथमिक पातळीवर कारखान्यांतील प्रक्रियाजन्य उत्सर्जन मोजण्याचे बंधन नाही, आणि जाळ्यास वीज पुरविणाऱ्या केंद्राचे उत्सर्जन त्याच्या जागेवर एकूण बेरजेत येत नाही; ते वीज वापरणाऱ्यांच्या खात्यावर जाते. लेखापालाच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण एकच धूर दोनदा मोजता कामा नये. परंतु वीज कुलाब्यास व मलबार हिलला, आणि धुराडे ट्रॉम्बेस, ही स्थिती त्या खातेवहीतून दिसेनाशी होते. १९९१ च्या पुस्तिकेने राष्ट्रांच्या बाबतीत नेमका हाच आक्षेप घेतला होता. बेरीज बरोबर असूनही अन्याय्य असू शकते, कारण ती कोणाकोणाचे एकत्र करते हे सांगत नाही. तो आक्षेप आपल्या शासनाने जगापुढे तीस वर्षे मांडला. शहराच्या आत तो मांडावयास कोणी लावला नाही.

यावर असे म्हणता येईल की स्थानिक प्रदूषण व जागतिक उष्णता हे दोन भिन्न प्रश्न आहेत, त्यांची गल्लत करू नये. या म्हणण्यात तथ्य आहे, पण दिसते तेवढे नाही. उडनशील सेंद्रिय द्रव्ये व नायट्रोजनचे ऑक्साइड सूर्यप्रकाशात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांस घातक आहे आणि उष्णता धरून ठेवणाराही आहे. याहून साधी गोष्ट अशी की, दोन्हींचे मूळ एकाच टाकीत आहे. जे कच्चे तेल शुद्ध होताना माहुलची हवा बिघडविते तेच जळाल्यावर जगाची हवा तापविते. तेव्हा हवामान-धोरणावर बोलण्याचा माहुलच्या रहिवाशाचा अधिकार कोणत्याही तज्ज्ञाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक आहे; तेलाच्या अर्थव्यवस्थेची किंमत त्याने सात दशके रोखीने दिली आहे. आराखड्यात वायुगुणवत्तेचे प्रकरण आहे म्हणून हा आक्षेप निघून जातो असेही नाही. प्रकरण असणे वेगळे आणि २०१५ चा निवाडा हा त्या प्रकरणाचा पाया असणे वेगळे. न्यायाधिकरणाने सिद्ध मानलेली गोष्ट नियोजनाने गृहीत धरून पुढे जावयास हवे होते. दोन प्रवाहांची दोन खोरी झाल्याचा परिणाम येथे दिसतो : न्यायनिर्णय न्यायाच्या दफ्तरात राहिला आणि आराखडा नव्याने सूचना मागवीत बसला.

सूचना हा शब्दही तपासून घ्यावा. शासकीय मराठीत ‘हरकती व सूचना’ हे जोडनाव आहे. नगररचनेच्या कायद्याखाली हरकत घेतली की तिची नोंद, तिची सुनावणी, तिच्यावर निर्णय असा क्रम निदान कागदावर असतो. आराखड्यासाठी मागविल्या त्या केवळ सूचना. सूचना करणारा हितचिंतक असतो; त्याचे ऐकले तर आभार, न ऐकले तरी त्याचे काही बिघडत नाही असे गृहीत असते. हरकत घेणाऱ्याचे काही बिघडणार असते म्हणून तो येतो. हवामान-धोरणात हरकतीस जागाच न ठेवणे म्हणजे या धोरणाने कोणाचे काही बिघडत नाही असे मानणे होय. २००६ च्या परिणाम-मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणी आहे, परंतु स्थानिक भाषेत द्यावयाचा तो अहवालाचा सारांशच. म्हणजे हरकतीची सोय आहे तेथे पूर्ण मजकूर मराठीत नाही, आणि मराठीत मजकूर व आवाहन आहे तेथे हरकतीची सोय नाही.

याच काळात शासनाने नागरिकांस एक तिसरी भूमिका देऊ केली. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात लोकांनी पर्यावरणरक्षणाची शपथ घ्यावयाची. आणि केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे पाठविलेल्या सुधारित राष्ट्रीय संकल्पांत तर पर्यावरणस्नेही जीवनशैलीच्या लोकचळवळीस अग्रस्थान दिले. दिवा मालवावा, पाणी जपून वापरावे, या उपदेशात वावगे काही नाही. परंतु तो कोणास उद्देशून आहे? एव्हरस्माइल वसाहतीतील बाईस जीवनशैलीचा कोणता पालट सुचवावयाचा? ती खिडकी बंद करून घेते, तीच तिची जीवनशैली. शिवाय शपथेचे आपल्या व्यवहारातील स्थान पाहता एक गोष्ट चमत्कारिक वाटते. न्यायालयात शपथ घेतात ती साक्ष देण्यासाठी. येथे शपथ घेतली जाते आणि साक्ष कोणी विचारीत नाही.

न्यायालयांनी आपले काम केले, मग आणखी काय हवे, असे विचारणारेही आहेत. न्यायालयाचा मार्ग खर्चाचा व दीर्घ मुदतीचा आहे, ही गोष्ट सर्वज्ञात असल्याने तिच्यावर थांबण्याचे कारण नाही. महत्त्वाची मर्यादा निराळी आहे. न्यायालय झालेल्या अपायावर बोलते. पुढील तीस वर्षांत ट्रॉम्बेच्या कारखान्यांचे काय व्हावयाचे, २०५० मध्ये निव्वळ शून्याचे वर्ष उजाडेल तेव्हा तेलावर उभ्या असलेल्या या किनाऱ्यावर कोणता उद्योग असेल, तेथील कामगार, कोळी व भाडेकरू यांचा त्यात वाटा काय, हे प्रश्न कोणत्याही अर्जात बसत नाहीत. ते धोरणाचेच प्रश्न आहेत, आणि त्यांवर बोलावयास माहुलची माणसे ज्या दारातून आत येऊ शकतील ते दार आराखड्याच्या रचनेत दाखविता येत नाही.

तूर्त करता येण्याजोगे एक काम आहे, आणि ते अवघड नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या सर्व सूचना, त्या कोणत्या भागांतून व कोणत्या भाषेत आल्या या तपशिलासह, आणि प्रत्येकीपुढे ती स्वीकारली की नाही व का याच्या नोंदीसह, पालिकेने मराठीत प्रसिद्ध कराव्यात. पुढील फेरआढाव्यात त्यांच्या शेजारी २०१५, २०१९ व २०२० चे निर्णय ठेवावेत. मग माहुलविषयी कोणी काय म्हटले होते हे तरी एका ठिकाणी वाचता येईल. दरम्यान २०२५ मध्ये पालिकेने माहुलमधील रिकाम्या सदनिका आपल्याच कर्मचाऱ्यांस विकत देऊ केल्या. तीत तेथील हवेविषयी कोणती माहिती द्यावयाची, हा प्रश्न पुनर्वसनाच्या कागदात येतो की पर्यावरणाच्या, याचा निर्णय अद्याप कोणी केलेला दिसत नाही.